डोळ्यांना वीज : प्रयोग कोणावर, उजेड कोणाला?

ज्या पिढीने बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिले, त्या पिढीचे डोळे आता थकले आहेत. १९५६ साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेली पोरे आज ऐंशीच्या घरात आहेत. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात, औरंगाबादच्या मिलिंदमध्ये एकवेळचे जेवण करून शिकलेली मुले आज पेन्शनर आहेत. १९७२ साली पँथरच्या छावणीत रात्र रात्र पत्रके वाचणारे तरुण पंचाहत्तरीला आले. आपल्या समाजात घराण्याच्या घराण्यात पहिल्यांदा अक्षर वाचले ते या पिढीने. पिढ्यान्‌पिढ्या ज्या अक्षराला शिवायची बंदी होती, ते अक्षर या माणसांनी हक्काने मिळवले आणि आयुष्यभर जपले. आणि आज वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू असताना हीच माणसे ग्रंथ शेजारच्या मुलाकडे सरकवतात. म्हणतात, 'तू वाच बाबा. मला कडेची अक्षरे दिसतात, पण ज्याच्याकडे बघावे तेच अक्षर दिसत नाही.'

घरचे लोक म्हणतात, मोतीबिंदू असेल, शिबिरात नेऊ. पुष्कळदा तो मोतीबिंदूच असतो. केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीनंतरच्या अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आढळले. त्यावर शस्त्रक्रिया आहे, ती सरकारी रुग्णालयात होते, आणि ती न करता घरी बसणे हा अपराध आहे. परंतु 'ज्याच्याकडे बघावे तेच दिसत नाही' ही तक्रार पुष्कळदा दुसऱ्याच आजाराची असते. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक लहानसा पिवळसर ठिपका असतो, त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुई ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, एस.टी.ची पाटी वाचणे ही सगळी कामे तो करतो. वयोमानाने हा पीतबिंदू झिजतो. माणूस पूर्ण आंधळा होत नाही. तो घरात वावरतो, अंगणात जातो, ताट कुठे आहे ते त्याला कळते. पण नातवाचा चेहरा आणि पुस्तकातली ओळ त्याच्यापासून हिरावली जाते. हाताने काम करणाऱ्याचे यात थोडेफार निभावते. वाचणाऱ्याचे मात्र सर्वस्व जाते, म्हणून हा विषय आम्ही चळवळीच्या वर्तमानपत्रात मांडत आहोत.

वाचणाऱ्याची दृष्टी अधू होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. १९४८ पासून बाबासाहेबांना मधुमेहाने गाठले होते. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते, नजरही क्षीण झाली होती. त्यांचा आजार वेगळा, पीतबिंदूच्या झिजेशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण त्या शरीराने आणि त्या डोळ्यांनी त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला आणि तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, छापून आला. ग्रंथ हाती घेऊन मिरवणे आपल्याला जमते. तो कोणत्या नजरेने लिहिला गेला याचा विचार आपण क्वचितच करतो.

आता आजाराकडे वळू. पीतबिंदूच्या झिजेचे दोन प्रकार आहेत, ओला आणि कोरडा. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत, ती वेळेवर मिळाली तर दृष्टी टिकते. कोरडा प्रकार अधिक लोकांना होतो, तो हळूहळू वाढतो, आणि गेलेली दृष्टी परत आणणारे औषध त्याच्यावर नाही. अमेरिकेत २०२३ साली दोन इंजेक्शनांना मंजुरी मिळाली, तीही झीज फक्त मंदावतात. जीवनसत्त्वे आणि जस्ताच्या गोळ्यांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने २००१ साली प्रसिद्ध केला. आजार मधल्या टप्प्यात असलेल्यांचा धोका त्याने सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. त्या अभ्यासातले रुग्ण बहुतांश गोरे होते, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. थोडक्यात, डॉक्टर रुग्णाला सांगतात, 'वय झाले, आता असेच चालायचे.' ज्याला असे सांगून घरी पाठवले जाते, तो माणूस कोणत्याही आशेला भुलतो. विजेच्या उपचाराची गोष्ट इथून सुरू होते.

डोळ्याला वीज देण्याची कल्पना नवी नाही. १७५५ साली फ्रान्समध्ये शार्ल ल रॉय नावाच्या वैद्याने आजारपणात दृष्टी गेलेल्या एका तरुणाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून विजेचे झटके दिले. त्या तरुणाला ज्वाळांसारखा प्रकाश दिसला. दृष्टी मात्र आली नाही. तेव्हापासून एक गोष्ट माहीत झाली की, विजेने डोळ्याला उजेडाचा भास होतो. पण भास होणे आणि दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मधल्या काळात युरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे, विजेच्या पेट्या विकून अनेकांनी गबरगंड संपत्ती मिळवली.

आजचा उपचार त्या मानाने सौम्य आहे. डोळे मिटून पापण्यांवर ओलसर पट्टी ठेवतात आणि तिच्यातून अतिशय बारीक प्रवाह सोडतात. तो मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षाव्या भागात मोजतात. साठ वॅटच्या बल्बातून वाहणाऱ्या विजेपेक्षा तो कित्येकशे पटींनी कमी असतो, बऱ्याच वेळा माणसाला कळतही नाही. काही मिनिटांची एक बैठक, अशा अनेक बैठका. दुसऱ्या पद्धतीत बुबुळावर बारीक धागा टेकवून त्यातून वीज देतात. ती मुख्यतः रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या एका आनुवंशिक आजारासाठी जर्मनीत वापरली गेली. याने फायदा का व्हावा? संशोधकांचे अनुमान असे की, झिजत चाललेल्या पेशीला या प्रवाहाने आपली ऊर्जा तयार करायला मदत होते, आणि मज्जापेशींना जगवणारी द्रव्ये पडद्यात वाढतात. उंदरांच्या कातडीवरचा ऊर्जेचा प्रयोग १९८२ सालचा आहे. उंदरांच्या डोळ्यात अशी द्रव्ये वाढल्याचे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवले. अनुमान चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. मात्र एक गोष्ट त्यातच स्पष्ट आहे. आजारी पेशीला वीज कदाचित सावरील, मेलेल्या पेशीला ती जिवंत करू शकत नाही. तेव्हा 'गेलेली नजर परत' अशी जाहिरात जिथे दिसेल, तिथे शंका घेतलीच पाहिजे.

मग हा उपचार खरा की खोटा? याचे उत्तर मत देऊन मिळत नाही, तपासून मिळते. आणि डोळ्याच्या बाबतीत तपासणे वाटते तितके सोपे नाही. नजर मोजण्यासाठी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचायला लावतात, एका ओळीत पाच अक्षरे. पाच अक्षरे जास्त वाचली म्हणजे एक ओळ सुधारली. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी 'ई'चे तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवायचे असते. आता असे पाहा की, ज्याने महिनाभर उपचार घेतला, त्याच्या मनात आशा असते. तो डोळे ताणून, मान तिरकी करून वाचतो. पीतबिंदू गेलेला माणूस हळूहळू कडेच्या नजरेने वाचायला शिकतो. तोच तक्ता तिसऱ्यांदा पाहिला की अक्षरे पाठ होतात. डॉक्टरही दयाळू असतो, 'अजून एकदा बघा' म्हणतो. एवढ्या सगळ्यातून पाच अक्षरे काहीही उपचार न करता वाढू शकतात. म्हणून जाणकार पंधरा अक्षरांच्या, म्हणजे तीन ओळींच्या फरकाला खरा फरक समजतात. आणि म्हणूनच अर्ध्या रुग्णांना खरे यंत्र लावायचे आणि अर्ध्यांना हुबेहूब तसेच दिसणारे, दिवा लागणारे, पण वीज न सोडणारे यंत्र लावायचे, अशी पद्धत आहे. कोणाला कोणते हे रुग्णालाही सांगायचे नाही आणि तक्ता वाचून घेणाऱ्यालाही नाही. त्यातही अडचण अशी की, वीज थोडी जास्त झाली तर रुग्णाला डोळ्यात चमक दिसते आणि आपल्याला खरे यंत्र लागले हे त्याला कळून चुकते. मग आशा आपले काम पुन्हा सुरू करते.

ही खोट्या यंत्राची भानगड फसवणूक आहे असे काहींना वाटेल. ती का आवश्यक आहे, याचा एक दाखला देतो. कोरड्या प्रकारच्या याच आजारावर रक्त शरीराबाहेर काढून, गाळून, परत घालण्याचा एक महागडा उपचार निघाला होता. अमेरिकेत त्याची चाचणी झाली. २००२ साली पहिल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला, फायदा झाला असे त्यात होते. सर्वत्र आनंदीआनंद. २००६ साली दोनशेहून अधिक रुग्णांचा पूर्ण हिशेब लागला, तेव्हा खरा उपचार आणि लटका उपचार यांत काही फरक उरला नाही. ४३ जणांवर थांबले असते तर आज हजारो म्हातारी माणसे घर विकून रक्त गाळून घेत बसली असती. जर्मनीतील बुबुळावरच्या विजेचेही तसेच. २०११ साली २४ रुग्णांच्या अभ्यासाने आशा लावली. २०१७ साली ५२ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास आला, त्यात नजरेच्या क्षेत्राच्या मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नाही. पापण्यांवरून वीज देण्याच्या चाचण्या पीतबिंदूच्या झिजेवर जर्मनी, अमेरिका, कॅनडा या देशांत झाल्या आहेत. काहींनी काही अक्षरांची सुधारणा नोंदवली आहे. रुग्ण थोडे, काळ थोडा. याला पुरावा म्हणायला आम्ही तयार नाही. निरर्थक म्हणून फेकायलाही तयार नाही.

आमचे काही मित्र म्हणतील, हे सगळे पाश्चात्त्यांचे विज्ञान झाले. तसे मुळीच नाही. केसपुत्त नगरातल्या कालामांनी तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. जो येतो तो आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे ऐकावे? परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा थोर दिसतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा, असे उत्तर त्यांना मिळाले. आपण धम्मवंदनेत रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ आहे. ये आणि पैसे भर, असा नाही.

पैसे भरायला लावणारे मात्र आपल्या वस्त्यांमध्ये येऊन ठेपले आहेत. भाड्याच्या गाळ्यात दोन महिने 'फुकट थेरपी'ची खुर्ची मांडायची, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना 'आई', 'बाबा' म्हणून रोज बोलवायचे, गुडघ्यापासून डोळ्यापर्यंत सगळ्यावर एकच यंत्र लावायचे आणि शेवटी तेच यंत्र हप्त्याने गळ्यात मारायचे, हा धंदा आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्या घरात पेन्शन येते ते घर त्यांना बरोबर कळते. आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या नोकरदारांचे निवृत्तिवेतन हे अशांचे आवडते कुरण आहे. खुर्चीवाल्याला विचारा, या यंत्राची चाचणी कोठे झाली? तो तुम्हाला एखाद्या बरा झालेल्या माणसाचा फोटो दाखवतो.

आणि हे फक्त गल्लीबोळातच होते असे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१५ साली पीतबिंदूच्या झिजेने त्रस्त तीन वृद्ध स्त्रियांनी एका दवाखान्यात प्रत्येकी ५ हजार डॉलर भरून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यात टोचून घेतल्या. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत! आपण संशोधनात भाग घेत आहोत अशी समजूत त्यांच्यापैकी काहींची होती, कारण तसे काहीतरी सरकारी नोंदवहीत नोंदलेले होते. तिघींचीही दृष्टी गेली. नेत्रतज्ज्ञांनी २०१७ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून चाचणीचे पैसे घेत नाहीत आणि नवा प्रयोग एकाच वेळी दोन्ही डोळ्यांवर करत नाहीत, एवढ्या दोन गोष्टी जरी त्या बायांना कोणी सांगितल्या असत्या तरी त्या वाचल्या असत्या. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात की, संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीच्या माथी मारू नये.

आता मूळ प्रश्न. असे प्रयोग भारतात झाले तर ते कोणावर होतील? याचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब कृष्णवर्णीयांना उपदंशाचे औषध न देता त्यांचा रोग कसा वाढतो याचे नुसते निरीक्षण केले गेले. पेनिसिलिन निघाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ साली माफी मागितली. आपल्याकडे जागतिकीकरणाच्या रेट्यात जानेवारी २००५ मध्ये नियम बदलून परदेशी औषधांच्या चाचण्यांना दार सताड उघडले गेले. २००५ ते २०१२ या काळात चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे दगावली, असे सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यातील ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे मान्य केले. इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णांवरच्या चाचण्यांचे प्रकरण गाजले आणि २०१२ साली तिथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने न्यायालयात धाव घेतली.

सर्वांत बोलके प्रकरण खम्ममचे. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या मुली बहुतांश आदिवासी, आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर प्रकल्प थांबवला गेला. चौकशी समितीने मृत्यूचा संबंध लसीशी जोडला नाही, आणि ती लस आज जगभर दिली जाते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण संमतीचे काय? संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली हिशेब मांडला. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. आईबापांच्या जागी वॉर्डन! आदिवासीच्या पोरीच्या देहावर सही करण्याचा अधिकार वॉर्डनला कोणी दिला? आपल्या देशात काही माणसांची संमती गृहीत धरण्याची सवय फार जुनी आहे, आणि ती कोणत्या व्यवस्थेने लावली हे या वर्तमानपत्राच्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

डोळ्याच्या चाचणीत तर आणखी एक पेच आहे, त्याकडे कोणाचे लक्षच नाही. ज्याला समोरचे अक्षर दिसत नाही, त्याच्यापुढे दहा-बारा पानांचे बारीक टायपातले संमतिपत्र ठेवले जाणार. एम.ए. झालेला माणूसही तिथे निरक्षर होतो. 'इथे सही करा' म्हटले की तो बोट दाखवील तिथे सही करणार. कायद्याने यावर उपाय सांगितला आहे. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाबतीत संपूर्ण माहिती देत असताना एक निःपक्ष साक्षीदार हजर हवा. २०१९ चे नवीन औषधे व चाचणी नियम आहेत, उपकरणांसाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, नैतिकता समितीची मंजुरी आहे, इजा झाल्यास भरपाई आहे. देशातील चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून तिथे नोंद बंधनकारक झाली आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. हे सगळे कागदावर आहे. निःपक्ष साक्षीदार म्हणून रुग्णालयाचाच वॉर्डबॉय उभा केला की कागद पुरा होतो. इथे आपल्या कार्यकर्त्यांना काम आहे. आपल्या माणसाला चाचणीसाठी बोलावले तर सोबत वाचता येणारे घरचे माणूस न्या, संपूर्ण पत्र मोठ्याने वाचून घ्या, प्रत मागून घ्या, नोंदणी क्रमांक विचारा. खोटे यंत्र माझ्या वाट्याला आले आणि पुढे खरे यंत्र गुणकारी ठरले तर ते मला मिळणार की नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. ज्यांच्या डोळ्यांवर उपचार सिद्ध झाला, त्यांनाच तो परवडू नये, यासारखा दुसरा अन्याय नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग आपल्या माणसांनी चाचण्यांत जाऊच नये. हे आम्हाला साफ अमान्य आहे. पाणवठ्यापासून दूर राहणे हा चवदार तळ्याचा धडा नव्हता. ज्या चाचणीत आपण नाही, त्या चाचणीच्या निष्कर्षात आपण नाही. गोऱ्यांवर तपासलेली गोळी काळ्या मातीत उन्हातान्हात राबलेल्या, तंबाखू-बिडीने पोखरलेल्या डोळ्याला तितकीच लागू पडते का, हे कोणी तपासलेले नसते. चाचण्या झाल्या पाहिजेत, आपल्या जे.जे.मध्ये, नागपूरच्या मेडिकलमध्ये, औरंगाबादच्या घाटीत झाल्या पाहिजेत, आणि नैतिकता समितीत आपली माणसे बसली पाहिजेत.

दुसरे असे की, चाचणीला पैसा कोण पुरवतो यावर काय तपासले जाईल हे ठरते. ओल्या प्रकारावरच्या इंजेक्शनांची कथा ऐकण्यासारखी आहे. एक औषध डोळ्यासाठी म्हणून २००६ साली अमेरिकेत आले, एका इंजेक्शनला सुमारे २ हजार डॉलर. त्याच कंपनीचे, त्याच कुळातले कर्करोगावरचे दुसरे औषध डॉक्टर लहान मात्रेत डोळ्यात देत, ते पडे सुमारे ५० डॉलरला. दोन्ही सारखीच गुणकारी आहेत का? कंपनी हे कशाला तपासील? शेवटी अमेरिकन सरकारच्या नेत्रसंस्थेने सार्वजनिक पैशातून दोन्ही समोरासमोर उभी केली, आणि २०११ साली निकाल आला की दृष्टी टिकवण्यात दोन्ही सारखीच. त्या एका सरकारी चाचणीने जगभरच्या गरिबांचे जेवढे डोळे वाचवले असतील, तेवढे कोणत्याही दानशूराने वाचवले नसतील. भांडवलशाहीच्या माहेरघरात सरकार हे करू शकते. मग संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य हे ज्याचे कर्तव्य ठरवले आहे, त्या आपल्या शासनाला विजेच्या या स्वस्त उपचाराची एक निर्भेळ, मोठी, सरकारी खर्चाची चाचणी करायला काय हरकत आहे? यंत्र काही आकाशातले नाही. बॅटरीवर चालणारा बारीक प्रवाह आहे. चालले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येईल. न चालले तर खुर्चीवाल्यांचे दुकान बंद करता येईल. दोन्हीकडून लाभ गरिबाचाच.

विजेचा दुसरा एक मार्ग श्रीमंत देशांत पुढे सरकला आहे, तोही सांगितला पाहिजे. त्यात पेशी वाचवण्याचा प्रयत्नच नाही. मेलेल्या पेशींच्या जागी पडद्याखाली दोन मिलिमीटरची चकती बसवतात, चष्म्यातला कॅमेरा अदृश्य किरणांनी तिच्यावर चित्र टाकतो आणि चकती त्याची वीज करून उरलेल्या मज्जापेशींना देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपातील ३८ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. वर्षभर टिकलेल्या ३२ पैकी २६ जणांना तक्त्यावर लक्षणीय जास्त वाचता येऊ लागले. नैसर्गिक दृष्टी नव्हे, पण अक्षरे दिसू लागली. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि शस्त्रक्रियेचे त्रासही काहींना झाले. तरीही, खरे सांगायचे तर, ही बातमी वाचून आम्ही हरखलो. आणि लगेच धास्तावलोही. कारण याआधीच्या अशाच एका यंत्राची गत आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालेले, सुमारे दीड लाख डॉलरचे ते यंत्र साडेतीनशेहून अधिक अंधांच्या डोळ्यांत बसवले गेले. २०२० च्या सुमारास कंपनी डबघाईला आली, तिने यंत्राला वाऱ्यावर सोडले. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. डोळ्यात बसवलेले यंत्र पोरके झाले! चकतीची मूळ फ्रेंच कंपनीही दिवाळखोरीत निघाली आणि २०२४ साली अमेरिकन कंपनीने तो प्रकल्प विकत घेतला. माणसाची दृष्टी शेअर बाजाराच्या हवाली करणे म्हणतात ते हे.

तोवर आपल्या हाती काय आहे? एक कागद आणि पेन्सिल आहे. चौकटीच्या वहीच्या पानावर दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा, त्यात उभ्या-आडव्या रेघा, मधोमध ठिपका. आम्सलर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाने ही चौकट सांगितली. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून, वीतभरापेक्षा थोड्या अधिक अंतरावरून ठिपक्याकडे पाहायचे. मग दुसऱ्या डोळ्याने. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये काळा-धुरकट डाग दिसला तर शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे जावे, कारण ओल्या प्रकारात दिवस मोजावे लागतात. डोळे एकेकटे तपासायचे हे महत्त्वाचे, दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा वाईटाचे झाकून घेतो. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने हे करावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा धोका जास्त आहे, आणि या आजारात माणसाच्या हातातले सर्वांत मोठे कारण तेच आहे. विहारात सूचनाफलकाशेजारी ही चौकट टांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि ज्यांचे मधले अक्षर आताच गेले आहे, त्यांच्यासाठी भिंग आहे, चांगला दिवा आहे, मोठे अक्षर आहे. मोठ्या अक्षरांची पुस्तके साधारण १६ ते १८ पॉइंटांत छापतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड काढायला सुरुवात केली, त्या खंडांचा टाइप एखाद्या निवृत्त शिक्षकाला आज वाचायला देऊन पाहा. चरित्र साधने प्रकाशन समितीने मोठ्या अक्षरांची आणि ऐकता येईल अशी आवृत्ती काढावी, ही मागणी आम्ही येथे करत आहोत. आपल्या प्रकाशकांनी तर शासनाची वाट पाहू नये. दरवर्षी सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. तिथे म्हातारी माणसे पुस्तक उचलतात, नाकाशी धरतात, मान तिरकी करून कडेने पाहतात आणि परत ठेवतात. त्या माणसांना विकत घेता येईल अशी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची एक १८ पॉइंटांची प्रत येत्या सहा डिसेंबरला एका तरी स्टॉलवर असावी. कागद जास्त लागेल, दोन खंड करावे लागतील. करावेत.